कोयनेचा धक्का बेळगावात का जाणवतो, आणि आपल्या पायाखाली भूकंप होऊ शकतो का?

प्रश्न असा आहे: कोयना-वारणेकडे भूकंप झाला की निपाणी-चिक्कोडीत मांडणीवरची भांडी वाजतात, कधी बेळगावात वरच्या मजल्यावरचा पंखा डोलतो. शाळेत तर शिकवतात की भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात. आपण पट्टाच्या मधल्या भागात आहोत, मग हा हादरा येतो कुठून? हिडकल धरण भरले की इथेही तसेच होईल का? आणि घर बांधायला काढले असेल तर नक्की काय पाहायचे?

शाळेतले विधान चूक नाही, पण अर्धे आहे. भूपट्टांच्या कडेला भूकंप पुष्कळ होतात. मधल्या भागात ते क्वचित होतात, पण होतात. दोन्हीमागचा रेटा मात्र एकच असतो.

आधी एक चुकीचे चित्र पुसून टाकू. भूपट्ट म्हणजे शिलारसाच्या समुद्रावर तरंगणारे तराफे नव्हेत. वरचे कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा ताठ थर मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचा पट्ट होतो, जागेनुसार कमी-जास्त. त्याखालचे प्रावरणही घनच आहे. फक्त ते इतके तापलेले असते की लाखो वर्षांच्या हिशेबात मेणासारखे सरकते. भारतीय पट्ट आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे जातो आहे. नखे वाढतात त्याहून थोडा जास्त हा वेग. नैऋत्येला अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग कटक आहे. तिथे नवा समुद्रतळ तयार होतो आणि पट्टाला मागून ढकलतो. पूर्वेला सुमात्रा-अंदमानच्या बाजूला पट्टाची कड प्रावरणात खाली जाते आणि आपल्या वजनाने ओढते. उत्तरेला मात्र आशिया आडवा उभा आहे. ही टक्कर सुरू होऊन सुमारे ५ कोटी वर्षे झाली. ५ सेंटिमीटरपैकी जवळपास २ सेंटिमीटर हिमालयाच्या खालीच मुरतात. म्हणजे शंभर वर्षांत २ मीटरची उधारी साठते, आणि ती एखाद्या मोठ्या भूकंपात काही सेकंदांत फिटते. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या नेपाळ भूकंपात काठमांडू खोरे जवळपास एक मीटर वर उचलले गेले, ते यामुळेच.

बेळगावपासून हिमालयाचा पायथा दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. तरी त्याचा संबंध इथे येतो. गळिताच्या हंगामात निपाणी-अथणीच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आठवा. पुढे काही आडवे आले आणि मागून भार रेटतच राहिला, तर दाब मधल्या प्रत्येक जोडावर येतो. नवा, जाड लोखंडी दांडा सहसा मोडत नाही. मोडते ती आधी कधीतरी तडकलेली, वेल्डिंग मारून पुन्हा वापरात घेतलेली जागा. दख्खनचा आणि कर्नाटकाचा खडक असाच दाबाखाली आहे. हा दाब मुख्यतः उत्तर-दक्षिण आणि थोडा ईशान्येकडे कललेला. आतला खडक वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरही आकसत नाही, म्हणून भूकंप विरळ. पण जुन्या भेगा, म्हणजे प्रस्तरभंग, जिथे आहेत तिथे हजारो वर्षांचा ताण साठून एक दिवस घर्षण हरते.

घर्षण हा इथला खरा मुद्दा आहे. शहाबादी फरशीवरून भरलेले लोखंडी कपाट ढकलून पाहा. आधी हलत नाही, जोर वाढवला की एकदम वीतभर सरकते आणि पुन्हा अडते. भूकंप म्हणजे हा ‘एकदम’. भेग कुलूपबंद असते, दोन्ही बाजूंचा खडक स्प्रिंगसारखा वाकत राहतो आणि कुलूप निसटले की वाकलेला खडक सरळ होतो. त्या उसळीच्या लहरी आपल्याला जाणवतात. आकड्यांत सांगायचे तर ४ तीव्रतेच्या धक्क्यात साधारण एक चौरस किलोमीटर भेग तीन-चार सेंटिमीटर सरकते. ६.३ च्या धक्क्यात सुमारे २० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर खोल पृष्ठभाग अर्धा मीटर सरकतो. तीव्रता एकने वाढली की ऊर्जा ३२ पट आणि दोनने वाढली की हजार पट होते. म्हणून ‘छोटे छोटे धक्के बसतात ते बरेच, ताण निघून जातो’ हा दिलासा हिशेबात बसत नाही. ६ च्या एका धक्क्याइतकी ऊर्जा काढायला ४ चे हजार धक्के लागतील. निसर्गात मात्र ६ च्या एका धक्क्यामागे ४ चे शंभरेक होतात.

दख्खनमधली दोन मोठी उदाहरणे आपल्या दोन अंगांना आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.३, मृत्यू १८० च्या आसपास. बेळगावपासून अंतर सरळ रेषेत साधारण १९० किलोमीटर, निपाणीपासून १३०. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तीव्रता ६.२. त्यात आठ-दहा हजार माणसे गेली. बेळगावपासून तो सव्वातीनशे किलोमीटर, पण बसवकल्याण-भालकीच्या सीमाभागाच्या अगदी दारात. कोयनेला भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. किल्लारीला एक बाजू दुसरीवर चढली, म्हणजे थेट चेपल्याची खूण. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते. ‘आमच्याकडे कधी झाला नाही’ या वाक्याला भूगर्भशास्त्रात फारशी किंमत नाही. दोनशे वर्षांच्या आठवणीवर दहा हजार वर्षांच्या भेगेचा अंदाज बांधता येत नाही.

आता कोयना आणि पाणी. इथे लोकांचा समज आणि शास्त्र यांत थोडे अंतर आहे. समज असा की धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन दबते आणि भूकंप होतो. हिशेब करू. कोयना धरण १०३ मीटर उंच. शंभर मीटर पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,३५० किलो. साडेतेराशेत दहाची भर पडून खडक मोडतो असे म्हणणे म्हणजे भरल्या बैलगाडीवर चिमणी बसली म्हणून आस तुटला म्हणण्यासारखे. ते तेव्हाच खरे, जेव्हा आस आधीच तुटायच्या बेतात असतो. कोयनेत नेमके तसे आहे. आणि पाण्याचे खरे काम वजनाचे नाहीच, ते भेगेत शिरण्याचे आहे.

हे स्वयंपाकघरात दिसते. गरम पाण्याने धुतलेली वाटी ओल्या ओट्यावर पालथी ठेवली की आपोआप सरकत जाते. आत अडकलेली हवा तापून फुगते, वाटीचे थोडे वजन स्वतःवर घेते आणि कडेचे घर्षण कमी होते. उतार तोच, वजन तेच, पण वाटी सरकते. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवर तितका घट्ट टेकत नाही आणि आधीपासून साठलेला ताण जिंकतो. म्हणजे बंदूक पट्टाने भरली, चाप पाण्याने ओढला. शिवाजीसागर १९६२ पासून भरू लागला आणि धक्के लगोलग सुरू झाले, मोठा पाच वर्षांनी आला. वारणेचे धरण १९८५ नंतर भरू लागले आणि १९९३ पासून हालचाल दक्षिणेला चांदोलीकडे पसरली. १९६२ पासून कोयना-वारणा मिळून ५ च्या वरचे वीसहून जास्त धक्के झाले आहेत आणि जवळपास सगळे २० बाय ३० किलोमीटरच्या एवढ्याशा पट्ट्यात. श्रावण-भाद्रपदात धरण भरते आणि धक्के सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये वाढतात. मधला उशीर पाण्याचा दाब खाली मुरत जाण्याचा.

तिथे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. कराडला त्यासाठी स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा आहे. वरचा काळा पाषाण त्या जागी सुमारे सव्वा किलोमीटरच निघाला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते त्या जुन्या खडकात, बहुतेक २ ते १० किलोमीटर खोलीवर. काळ्या पाषाणाचा या भूकंपांशी संबंध झाकणाइतकाच: खालच्या भेगा तो डोळ्यांआड करतो.

हे झाकण आले तेही पट्टाच्या प्रवासातच. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाखाली जो प्रावरणातला तप्त झोत आहे, त्याच्या वर होता. लाव्हा थरावर थर ओतला गेला. रियुनियन २१ अंश दक्षिणेला आणि बेळगाव जवळपास १६ अंश उत्तरेला. ३७ अंश म्हणजे सुमारे ४,१०० किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांनी भागा, वर्षाला सहा सेंटिमीटर येतात. ढोबळ गणित आहे, पण उपग्रहांनी आज मोजलेल्या वेगाच्या जवळ जाते. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण तिथून निघून आलो, म्हणून आपल्याकडे ज्वालामुखीची भीती नाही. राजापूरचे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, पाहून कोणी तसा प्रश्न विचारतो. ते पाणी भेगांतून खोल जाते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. खाली शिलारस असण्याची गरज नाही.

बेळगाव या लाव्ह्याच्या दक्षिण काठावर आहे, म्हणून जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला खडक बदलतो. उत्तरेला निपाणी-चिक्कोडी-अथणीकडे काळा पाषाण आणि काळी माती. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर कोसळते तो कलादगी गटाचा वालुकाश्म, शंभर कोटी वर्षांहून जुना. खानापूर-लोंढ्याकडे धारवाडचे त्याहूनही पुरातन खडक, वर जांभ्याची टोपी. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आणि सेशेल्स त्यानंतर पश्चिम किनाऱ्यापासून फाटून गेले. सह्याद्रीचा तुटलेला कडा त्या फाटण्याचा वारसा आहे. चोर्ला किंवा आंबोली घाटात पावसाळ्यात दरड येते तिच्याशी मात्र भूपट्टांना जोडू नका. ती मुरलेले पाणी, कुजलेला खडक आणि रस्त्यासाठी उभा कापलेला उतार यांची करणी.

हिडकलचे काय? धरणामुळे भूकंप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: मोडायच्या बेतात आलेली भेग, तिथपर्यंत पाणी पोहोचवणाऱ्या फटी आणि पाण्याचा पुरेसा उंच स्तंभ. जगातल्या बहुसंख्य मोठ्या धरणांखाली पहिली अटच नसते. हिडकल आणि नविलुतीर्थ ही धरणे कित्येक दशके भरत-रिकामी होत आली आहेत आणि कोयनेसारखी मालिका तिथे सुरू झालेली नाही. कोयनेतले धक्के धरण भरताच सुरू झाले होते. म्हणून हिडकलसाठी मला वेगळी धास्ती वाटत नाही. विजयपूर-कलबुर्गीकडे २०२१-२२ मध्ये लहान धक्क्यांची जी साखळी झाली, त्यात २०२२ च्या जुलैत ४.४ चा धक्का बसला आणि तो सांगली-सोलापुरापर्यंत जाणवला. असे उथळ धक्के जमिनीखालून तोफेसारखा आवाज काढतात. लोक आवाजाने जास्त घाबरतात, पण आवाज मोठा म्हणजे भूकंप मोठा असे नाही. नाभी, म्हणजे खडक सरकायला सुरुवात होते ती जागा, उथळ असली की ऐकू येण्याजोगी थरथर जमिनीतून हवेत शिरते, एवढेच.

कोयनेचा धक्का इतक्या लांब जाणवतो कारण मधला खडक जुना, थंड आणि घट्ट आहे. लहरी त्यात कमी जिरतात. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, दुय्यम साडेतीन. कोयनेहून निपाणीला पहिली २२ सेकंदांत आणि दुसरी ३७ सेकंदांत पोहोचते. घरात अंदाज घ्यायचा तर पहिली बारीक टकटक आणि मग येणारे आडवे हेलकावे यांतले सेकंद मोजा आणि आठाने गुणा. निपाणीत १६ मोजले तर सुमारे १३० किलोमीटर, बेळगावात २३ च्या आसपास आले तर कोयनाच. मध्ये अंतरच पडले नाही आणि एकदाच दणका बसला तर तो अगदी जवळचा धक्का किंवा खाणीतला सुरुंग. सुरुंग बहुधा दिवसा ठरावीक वेळी उडतो आणि त्यात हवेचा धक्काही असतो, त्याने खिडकीची काच थडथडते.

खात्रीसाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे ‘भूकंप’ (BhooKamp) अॅप आहे. कर्नाटकात राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्रही यंत्रे चालवते. त्यांच्या पहिल्या नोंदीत ‘खोली १० किलोमीटर’ किंवा ‘५ किलोमीटर’ असा गोल आकडा दिसला तर तो मोजलेला असेलच असे समजू नका. जवळ यंत्रे कमी असली की गणित सुटावे म्हणून खोली धरून चालतात. अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरची जमिनीवरची जागा, हेही काही किलोमीटर इकडेतिकडे असते. त्यामुळे ‘केंद्र आमच्या गावातच’ यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता घर. इमारतीवर भूकंपाचा जोर किती धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपधोक्याच्या विभाग ३ मध्ये आहे, विभागाचा गुणांक ०.१६. शेजारचे कोयना विभाग ४ मध्ये. नीट तपशील दिलेल्या आरसीसी चौकटीच्या लहान इमारतीसाठी हे गणित असे उतरते: १०० टन वजनाला आडवा जोर ४ टन धरून आराखडा करायचा. प्रत्यक्ष जोर त्याच्या पाचपट येऊ शकतो. मधली तूट लोखंड वाकण्यातून भरून निघेल हे मानकाने गृहीत धरलेले आहे. म्हणून जास्त सळई घालण्यापेक्षा रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवतीचे लोखंडी वेढे, नीट असणे महत्त्वाचे. विभाग ३ पासून मानक १३९२०, म्हणजे सळया-रिंगांच्या तपशिलाचे मानक, लागू होते. कॉलमच्या दोन्ही टोकांना दोन रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, हूक १३५ अंशांत आत वळलेला हवा आणि त्याचे टोक निदान ६५ मिलिमीटर काँक्रीटच्या गाभ्यात शिरलेले हवे. साइटवर सर्रास ९० अंशांचा हूक दिसतो, कारण तो वळवायला सोपा. हलताना कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडाले की तो उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. दुसरी खोड नऊ इंची कॉलमची, भिंतीत लपतो म्हणून. मानक किमान ३०० मिलिमीटर सांगते. तळमजला पार्किंगला मोकळा आणि वर भिंतीच भिंती असे असेल तर सगळी हालचाल त्या एका मजल्यात गोळा होते. तिथे काटकसर अजिबात नको.

पण सीमाभागात माणसे दगावण्याचा धोका आरसीसीपेक्षा मातीत रचलेल्या दगडी घरांत जास्त. किल्लारीने तेच दाखवले. अथणी-गोकाककडच्या जुन्या वाड्यांची भिंत दोन-अडीच फूट जाड असते, पण ती एक भिंत नसून दोन असतात. आतली फळी, बाहेरची फळी, मध्ये माती आणि चिपा. हलली की फळ्या सुटतात, एक पोट काढते आणि माळवदाचा कित्येक टन मातीचा भार खाली येतो. जाडी म्हणजे ताकद हा समज इथे उलटा पडतो. नवी दगडी भिंत बांधताना जाडी ४५० मिलिमीटरच्या आत ठेवा, १:६ सिमेंट माल वापरा आणि भिंतीच्या आरपार जाणारा दगड, गवंडी ज्याला हेडर म्हणतात, उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला घाला. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर सळईचा आकडा घालून काँक्रीटचा ठोकळा ओता. लिंटेलच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून अखंड पट्टा हवा: ७५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटरच्या दोन सळया, दर १५० मिलिमीटरला ६ मिलिमीटरची आडवी कडी, पाच मीटरपर्यंतच्या खोलीसाठी. कोपऱ्यात सळई वळवून पुढे न्यायची, तिथे तोडली तर पट्टा फुकट. फक्त दार-खिडकीवर लिंटेल टाकून पैसे वाचवले की चारही भिंती वेगवेगळ्या डोलतात.

खानापूरकडच्या कौलारू घरांत छत हलके, ही जमेची बाजू. तिथे आधी पडते ती कौलांखालची त्रिकोणी भिंत. तिच्या उतारावरही पट्टा घ्या, नाहीतर तो त्रिकोण पत्र्याचा किंवा लाकडी करा. जांभा चिरा कापून सरळ मिळतो, पण पाणी फार पितो. बांधण्याआधी भिजवला नाही तर सिमेंट मालातले पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. वर पाण्याची टाकी असेल तर हजार लिटर म्हणजे एक टन, हे ध्यानात ठेवून ती कॉलमवर टेकवा, पॅरापेटच्या भिंतीवर नको.

भेगांबद्दल शेवटचे. काळ्या मातीवरच्या घरात धक्क्यानंतर भेग दिसली की दोष भूकंपाला जातो, पण ती बरेचदा आधीचीच असते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. अशी भेग बहुधा उभी किंवा पायऱ्यांसारखी असते, वैशाखात रुंदावते आणि श्रावणात मिटते. भूकंपाची भेग खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरकी निघते, दोन खिडक्यांच्या मध्ये कधी फुली मारते आणि ऋतूप्रमाणे बदलत नाही. शंका असेल तर भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी मारा आणि तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. ती तडकण्याचा महिना कुठला आणि त्या दिवशी धक्क्याची नोंद आहे का, हे पाहूनच इंजिनिअरला बोलवा.